टॉवेलच्या सुतात पॉलिएस्टर आहे का? पोलरॉइडखाली नेमकं काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात घरचे यंत्रमाग, टॉवेलचं काम. 'शंभर टक्के कॉटन' म्हणून घेतलेल्या सुताचा संशय आला. घरात शाळेत असतो तसला साधा मायक्रोस्कोप होता. पोलरॉइडच्या, म्हणजे एकाच दिशेच्या कंपनाचा प्रकाश पलीकडे सोडणाऱ्या, दोन चकत्या मागवल्या, एक स्टेजखाली आणि एक आयपीसवर ठेवली. सुतातले तंतू काचेवर सेलोटेपने चिकटवून पाहिले, तर हिरवे, गुलाबी, निळे रंग दिसले. तंतू नसलेल्या जागीही थोडा रंग दिसतो. मग रंग दिसले म्हणजे पॉलिएस्टर आहे असं समजायचं का? आणि कोणत्या तंतूचा कोणता रंग, याचा तक्ता कुठे मिळेल?

आधी तो सेलोटेप काढा. तंतू नसलेल्या जागीही रंग दिसतो हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण निम्मं उत्तर तिथेच आहे. चिकटपट्टीचं प्लॅस्टिक कारखान्यात ताणून पातळ केलेलं असतं. ताणलं की त्याचे रेणू एका दिशेला रांगेत लागतात आणि दोन पोलरॉइडांच्या मध्ये ते स्वतःच रंग दाखवू लागतं. तुम्ही पाहिलेले रंग बरेचसे टेपचे आहेत, सुतावर त्याचा आळ नको. हसत नाहीये. कापड तपासणीच्या लॅबमध्ये नवा असताना मीही काचेच्या कव्हरस्लिप संपल्या म्हणून प्लॅस्टिकच्या वापरल्या होत्या आणि अख्खी दुपार एका साध्या कापसाच्या नमुन्यावर डोकं खाजवत बसलो होतो. वरची काच आणि खालची काच, दोन्ही खरी काचच हवी. तंतू ओल्या माध्यमात, म्हणजे तेलाच्या किंवा ग्लिसरीनच्या थेंबात ठेवायचे. चिकटवायचे नाहीत.

नमुना ठेवण्याआधी उपकरण तपासायचं. रिकामी काच ठेवून वरची चकती फिरवा. एका जागी सगळं काळं झालं पाहिजे. पूर्ण काळं होत नसेल तर चकत्यांमध्ये किंवा मधल्या भिंगात दोष आहे. कुणी थ्रीडी सिनेमाच्या चष्म्याच्या काचा वापरत असेल तर बहुतेक चष्म्यांत वर्तुळाकार ध्रुवणाची पट्टी असते, ती इथे सरळ कामाला येत नाही. त्यानंतर स्वयंपाकघरातून चिमूटभर मीठ आणि चिमूटभर साखर आणा. मिठाचे स्फटिक घनाकार, सगळ्या दिशांनी सारखे, त्यामुळे काळ्या पार्श्वभूमीवर ते काळेच राहतात. साखरेचे कण लखलखतात, रंगीत दिसतात, आणि काच गोल फिरवली की एका फेरीत चार वेळा विझतात. उसाच्या आपल्या जिल्ह्यात याहून स्वस्त चाचणी मिळायची नाही. मीठ काळं आणि साखर उजळ दिसली की तुमचा जुगाड चालतो असं धरा.

आता खरा मुद्दा. तुम्ही विचारताय 'कोणत्या तंतूचा कोणता रंग', पण तंतूला या प्रकाशात स्वतःचा असा रंग नसतो. कापूस, पॉलिएस्टर, व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून बनवलेला तंतू) यांच्यात शिरलेला प्रकाश दोन वाटांनी फुटतो. एकाचं कंपन तंतूच्या लांबीच्या दिशेने, दुसऱ्याचं आडव्या दिशेने, आणि दोघांचा वेग वेगळा. डेन्मार्कच्या एरास्मस बार्थोलिनने 1669 साली आइसलँडच्या कॅल्साइट या पारदर्शक स्फटिकातून एकाची दोन अक्षरं दिसतात हे नोंदवलं, ती हीच गोष्ट. एक किरण पुढे जातो, एक मागे राहतो. बाहेर पडताना दोघांत पडलेलं अंतर म्हणजे मार्गफरक. वरची चकती त्या दोघांना पुन्हा एका पातळीत आणते आणि पांढऱ्या प्रकाशातले काही रंग कापले जातात. उरतो तो आपल्याला दिसतो.

हा मार्गफरक दोन गोष्टींच्या गुणाकारावर ठरतो: तंतूची जाडी आणि त्याचं द्विअपवर्तन, म्हणजे त्या दोन वाटांच्या अपवर्तनांकांतला (प्रकाश किती मंदावतो त्या आकड्यांतला) फरक. पातळ पॉलिएस्टर आणि जाड कापूस एकच रंग दाखवू शकतात. एकाच कापसाचा तंतू पिळाच्या जागी एक रंग आणि सपाट जागी दुसरा रंग दाखवतो. म्हणून 'निळा म्हणजे अमुक' असा तक्ता कुणी दिला तर घेऊ नका. जो खरा तक्ता आहे तो फ्रान्सच्या मिशेल-लेव्हीने 1888 मध्ये काढला. त्यात उभ्या बाजूला जाडी, खाली मार्गफरकाप्रमाणे रंगांची रांग आणि कोपऱ्यातून निघणाऱ्या तिरक्या रेषांवर द्विअपवर्तन. रंग आणि जाडी माहीत असेल तर तिसरी गोष्ट मिळते. तो खडकांसाठी केला होता, पण तंतूलाही तितकाच लागू पडतो. मी मूळचा भूशास्त्राचा विद्यार्थी. आपल्या पायाखालचा काळा दगड 0.03 मिलिमीटरपर्यंत घासून त्यातलं फेल्डस्पार हे खनिज करडं-पांढरं आणि ऑजाइट हे खनिज पिवळं, लाल, निळं बघत बघतच हा तक्ता पाठ झाला. तिथे एक सोय होती: जाडी आपणच ठरवायची. तंतूंच्या बाबतीत ती जशी मिळेल तशी घ्यावी लागते, आणि सगळी कटकट तिथेच आहे.

आकडे घालून बघू. रंगांची रांग अशी चालते: काळा, करडा, पांढरा, पिवळा, लाल. इथे सुमारे 550 नॅनोमीटर झाले आणि पहिली पंगत संपली. मग निळा, हिरवा, पिवळा, लाल अशी दुसरी, साधारण 1100 पर्यंत. तिसरी 1650 च्या आसपास संपते. त्यापुढे रंग फिके पडत जातात, नुसती गुलाबी आणि हिरवट झाक उरते, आणि खूप पुढे गेलं की परत पांढरंच.

कापसाचं द्विअपवर्तन साधारण 0.046. तंतूची जाडी 8 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) धरली तर गुणाकार होतो 370 नॅनोमीटर, म्हणजे पिवळसर पांढरा. पॉलिएस्टरचं द्विअपवर्तन 0.16 ते 0.18, कापसाच्या तिपटीहून जास्त. सुतात मिसळतात तो 1.4 डेनिअरचा (डेनिअर हे तंतूच्या बारीकपणाचं माप) पॉलिएस्टर तंतू सुमारे 12 मायक्रॉन जाड असतो. गुणाकार 1900 ते 2150. चौथी पंगत, फिके गुलाबी-हिरवे रंग. व्हिस्कोसचं 0.02 च्या आसपास, त्यामुळे तितक्याच जाडीला तो 250 च्या जवळ, करडा-पांढरा. अ‍ॅक्रिलिक जवळजवळ शून्य, अंधारात पुसटसा दिसतो. जाडीत मोठा फरक नसेल तर कापूस आणि पॉलिएस्टर एकमेकांपासून इतके लांब आहेत की सवयीच्या डोळ्याला गुणाकार न करताही कळतं. मात्र एक घोळ होतो. नवखा माणूस चौथ्या पंगतीतला फिका रंग पहिल्या पंगतीतला पांढरा समजतो आणि पॉलिएस्टरला व्हिस्कोस म्हणून मोकळा होतो.

त्यावर एक जुनी युक्ती आहे. दाढीच्या ब्लेडने तंतू तिरका कापा. कापलेलं टोक पाचरीसारखं शून्य जाडीपासून पूर्ण जाडीपर्यंत चढत जातं, त्यामुळे रंगांची सगळी रांग त्या उतारावर ओळीने दिसते. टोकापासून लाल पट्ट्या मोजत या. तीन लाल पट्टे ओलांडून तंतूचा मधला भाग येत असेल तर तो चौथ्या पंगतीत आहे. चार-पाच तंतू कापले तर एखादा तरी नीट तिरका कापला जातो. हात बसायला आठवडा लागतो, पण ही एक गोष्ट जमली की रंगाच्या बाबतीत फसगत होत नाही.

कापसाची जाडी हा वेगळा त्रास. पॉलिएस्टर बहुधा गोल, म्हणजे दिसते ती रुंदी हीच जाडी. कापसाचा तंतू मात्र वाळून चपटी, पीळ पडलेली फीत झालेला असतो. वरून दिसते ती फितीची रुंदी, प्रकाश जातो तो फितीच्या जाडीतून. रुंदी घेऊन गुणाकार केला की उत्तर भलतंच येतं. पीळ जिथे पडतो तिथे फीत क्षणभर कडेवर उभी राहते. त्या जागी दिसणारी रुंदी हीच फितीची जाडी. आयपीसमधली मोजपट्टी तिथे लावायची. ती पट्टी आधी स्टेज मायक्रोमीटरवर बसवून घ्या. त्यात एका मिलिमीटरचे शंभर भाग असतात, एक भाग दहा मायक्रॉनचा.

आणि हा पीळच तुमचा सगळ्यात चांगला साक्षीदार. काच फिरवत राहा. पॉलिएस्टरचा तंतू खालच्या पोलरॉइडशी समांतर झाला की पूर्ण विझतो, दिवा बंद केल्यासारखा. कापूस कधीच पूर्ण विझत नाही. त्याच्या भिंतीतले सूक्ष्म धागे स्प्रिंगसारखे गोल चढतात आणि लांबीत पुन्हा पुन्हा उलट्या दिशेला वळतात, म्हणून एक भाग विझला तरी शेजारचा पेटलेला राहतो. माझ्या लॅबमध्ये शिकायला येणाऱ्या मुलांना मी रंग नंतर शिकवतो, विझणं आधी. पूर्ण विझणारा, पिळाशिवायचा, काचेच्या नळीसारखा सरळ तंतू दिसला की तो कापूस नाही, एवढं तरी छातीठोक सांगता येतं. पॉलिएस्टरच्या आत बारीक काळपट ठिपके दिसले तर तेही ध्यानात ठेवा. चकाकी कमी करण्यासाठी घातलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडचे ते कण. कापसात ते नसतात, पण व्हिस्कोसमध्येही घालतात, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नये.

एवढ्याने भागत नसेल तर वरची चकती काढून टाका. फक्त खालचं पोलरॉइड ठेवा आणि तंतू लवंगेच्या तेलात बुडवा. मला स्वतःला ही चाचणी रंगांपेक्षा जास्त भरवशाची वाटते, कारण इथे जाडीचा प्रश्नच येत नाही. लवंगेच्या तेलाचा अपवर्तनांक साधारण 1.53 असतो. ज्या वस्तूचा अपवर्तनांक माध्यमाएवढाच असतो ती वस्तू त्यात दिसेनाशी होते. पॉलिएस्टरचे आकडे 1.54 आणि 1.71 च्या पुढे. तंतू पोलरॉइडच्या दिशेला आडवा ठेवला तर जवळजवळ गायब. नव्वद अंशांत फिरवून समांतर केला की जाड काळ्या कडा घेऊन उभा राहतो. काच फिरवत राहिलात तर तंतू उगवतो आणि मावळतो. कापूस 1.53 आणि 1.58: आडवा असताना गायब, समांतर असताना कडा दिसते पण सौम्य. व्हिस्कोस दोन्हीकडे पुसट. एकदा हे तिन्ही शेजारी शेजारी पाहिलेत तर विसरणार नाही.

यासाठी पोलरॉइडची दिशा माहीत हवी आणि बाजारातल्या चकतीवर ती लिहिलेली नसते. घरात शहाबादी फरशी असेल तर ती ओली करा. खिडकीतून येणारा उजेड फरशीवर चमकतो, ती चमक तिरकं उभं राहून चकतीतून बघा आणि चकती फिरवा. चमक सर्वात कमी होते त्या वेळी चकतीची दिशा उभी असते, कारण परावर्तित उजेड मुख्यतः आडव्या कंपनाचा असतो. मालूसने 1808 मध्ये पॅरिसमध्ये खिडकीच्या काचेवरचा मावळतीचा सूर्य कॅल्साइटमधून बघताना हेच हेरलं. आणि गंमत बघा, शहाबादी फरशी म्हणजे चुनखडी, तिच्यात तोच कॅल्साइट. द्विअपवर्तन 0.172. फरशीचा चिमूटभर भुगा काचेवर ठेवलात तर त्याच्या जाडसर कणांत ते शेवटचं, सगळ्या पंगती ओलांडून गेलेलं पांढरं कसं असतं तेही पाहून होईल.

सोलापुरात आणखी एक काळजी घ्यावी लागते, ती पुस्तकात ठळक लिहिलेली नसते. तेलांचे अपवर्तनांक 20 किंवा 25 अंश तापमानाला दिलेले असतात. अंशागणिक ते साधारण 0.0004 ने उतरतात. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये 40 अंशांत बसून तपासणी केलीत तर आकडा 0.006 ते 0.008 ने घसरतो. कापूस की पॉलिएस्टर ठरवायला याने बिघडत नाही. पण कापूस आणि व्हिस्कोस यांचे आडव्या दिशेचे अपवर्तनांक जवळपास एवढ्याच अंतरावर असतात, तेव्हा उन्हाळ्यात ही चाचणी सकाळी उरका.

इथपर्यंतचं एकत्र सांगायचं तर: टेप नको, काच हवी, मीठ-साखरेने उपकरण तपासा, पीळ आणि विझणं आधी बघा, तेलातलं उगवणं-मावळणं नंतर, रंग सगळ्यात शेवटी, तेही तिरक्या कापावर पट्ट्या मोजून.

नमुना कुठून घेता यावर बरंच अवलंबून आहे. तुम्ही कोनवरचं सूत तपासताय की तयार टॉवेल, ते लिहिलेलं नाही. टॉवेल असेल तर पाइलचं (वरच्या फासांचं) सूत, ग्राउंडचं (तळाच्या विणीचं) सूत आणि आडवं सूत वेगवेगळं काढा. पाइल शुद्ध कॉटन आणि ग्राउंडला पीसी (पॉलिएस्टर-कॉटन मिश्रण), असा माल मी पाहिलाय. आणि कडेच्या शिलाईचा दोरा तर बहुतेक वेळा पॉलिएस्टरच असतो. त्यातला एखादा तंतू उडून नमुन्यात आला की उगाच व्यापाऱ्याशी भांडण. सुताचा पीळ उलगडून मधले तंतू घ्या, बाहेर लोंबणारे नकोत. शेडमध्ये हवेत सगळ्या मागांवरच्या तंतूंची धूळ उडत असते.

मागावर चढलेल्या ताण्याचं सूत असेल तर खळीचंही भान ठेवा. तंतूंवर बारीक गोल दाणे दिसले आणि प्रत्येक दाण्यावर काळी फुली दिसली तर घाबरू नका, तो स्टार्च. दाण्यात रेणू मध्यापासून बाहेर किरणांसारखे रचलेले असतात, म्हणून ती फुली पडते. ज्वारीचं कोरडं पीठ पाण्याच्या थेंबात टाकून बघा, अशाच फुल्यांचा सडा दिसेल. भाकरीचा कण बघितला तर बऱ्याच फुल्या गेलेल्या असतात, कारण उकळत्या पाण्यात आणि तव्यावर ती रचना मोडते. खळ नीट शिजली की नाही हेही यावरून कळतं. फुल्या शिल्लक असतील तर खळ कच्ची.

रंगवलेल्या सुताचं काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढचा प्रश्न तोच येणार. गडद निळ्या किंवा काळ्या सुतात रंगद्रव्यच एवढा उजेड खातं की वरच्या पंगतींचं काही सांगता येत नाही. तिथे फिकट भाग शोधायचा, नाहीतर रंग उतरवून घ्यायचा. याच्याशी जवळची एक घटना सांगतो. काही वर्षांपूर्वी एक कारखानदार गडद मरून टॉवेलचा लॉट घेऊन आले होते. टॉवेलभर पांढरे ठिपके. त्यांची खात्री होती की सुतात पॉलिएस्टर मिसळलंय, म्हणून रंग धरला नाही. डाइंगवाला म्हणत होता सूत खराब, सूतवाला म्हणत होता डाइंग खराब. ठिपके सुईने उचलून बघितले तर तंतू कापसाचेच, पीळही कमी, भिंत कागदासारखी पातळ. क्रॉस पोलरॉइडमध्ये (दोन्ही चकत्या काळं होईल अशा लावून) शेजारचे चांगले तंतू पिवळसर पांढरे आणि हे काळपट करडे. पातळ भिंत म्हणजे कमी मार्गफरक, तोच गुणाकार. बोंड पुरतं पक्व होण्याआधी वेचलेला, मेलेला कापूस होता तो. तो रंग कमी घेतो, त्याच्या गाठी होतात आणि गडद टॉवेलवर उठून दिसतात. पॉलिएस्टर एक तंतूही नव्हता. रंग बघून घाईने निकाल दिला असता तर तिघांपैकी भलत्याच माणसाचे पैसे अडकले असते.

तुमच्या उपकरणाने काय होणार नाही, तेही सांगतो. सुतात पॉलिएस्टर आहे की नाही, हे होईल. किती टक्के आहे, हे होणार नाही. तीनशे-चारशे तंतू मोजून अंदाज काढता येतो, पण तंतूंची संख्या म्हणजे वजन नव्हे, जाडी आणि घनता धरून हिशेब करावा लागतो, आणि समोरचा व्यापारी तो मानणार नाही. टक्केवारीसाठी लॅबमध्ये 75 टक्के गंधकाम्लात कापूस विरघळवून उरलेलं पॉलिएस्टर वजन करतात. हे घरी करू नका, ते आम्ल कातडीही सोडत नाही. बिल, लॉट नंबर आणि कोन जपून ठेवा आणि वाद पैशापर्यंत गेला तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा कागद घ्या.

सध्या एवढं करा. एकाच काचेवर तीन थेंब लवंगेचं तेल: एकात वाती करायचा कापूस, एकात शिलाईचा पॉलिएस्टर दोरा, एकात तुमचं संशयित सूत. आयपीसमधून मोबाइलने फोटो काढा, प्रत्येक नमुन्याचे तंतू समांतर आणि आडवे असे दोन. रिकाम्या पार्श्वभूमीचाही एक फोटो हवा, तो आधी बघणार आहे.